तापला की थांबणारा एसी: कारमधला विजेचा दोष शोधताना

गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, एसी साधा, म्हणजे तापमान आणि ब्लोअर नॉब फिरवून बदलायचा. तक्रारी दोन होत्या. इंजिन थंड असताना एसी लावला की हवा छान गार येते, पण वीसेक मिनिटांत ती कोमट होते आणि गाडी बंद करून निवू दिल्याशिवाय एसी परत धरत नाही. शिवाय ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो. एक, दोन, तीनवर काहीच हालचाल नाही. यावर आजवर झालेला उपाय एकच होता, गॅस भरणं. जुन्या बिलांवर तो पुन्हा पुन्हा दिसत होता.

म्हणून गॅसचा मुद्दा आधी निकालात काढायला हवा. एसीच्या बंद यंत्रणेत गॅस जळत नाही. होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, त्याहून जास्त कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस ओतणं हा उपाय नव्हे. गाडी रात्रभर उभी होती, बाहेरचं तापमान ३० अंश. आर-१३४ए गॅस असलेल्या यंत्रणेत अशा वेळी गेज साधारण ६.७ बार दाखवतो, २५ अंशांना ५.७ आणि ३५ ला ७.९. इथे काटा ६.७ वरच होता. मात्र हा आकडा एवढंच सांगतो की आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे. तो २०० ग्रॅम आहे की ६०० ग्रॅम, हे उभ्या गाडीच्या दाबावरून कधीच कळत नाही. ते पुढे मशीनवर गॅस काढून मोजल्यावर कळलं, आणि ते महत्त्वाचं निघालं.

इंजिन सुरू करून एसी लावला तेव्हा कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा लगेच फिरला. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पंखा बंद असेल तर कंडेन्सर तापतो, दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो, आणि लक्षण अगदी हेच दिसतं: थोडा वेळ गार, मग कोमट.

अवजारं फार लागत नाहीत. मल्टीमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (घरगुती वायरिंगसाठीचा फक्त एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट मोजणारा क्लॅम्प इथे निरुपयोगी), २१ वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, मधे १० अँपिअरचा फ्यूज असलेली जंपर वायर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम. डायग्रामशिवाय वायरचे रंग बघून अंदाज बांधणाऱ्यांच्या हातून चांगले कंट्रोल युनिट जळालेले आम्ही पाहिले आहेत. डॅशबोर्डखाली हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबायचं आणि पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसरला केशरी केबल जाते. तिच्यात शेकडो व्होल्ट असतात आणि या लेखातली एकही चाचणी तिथे लागू नाही.

आधी ब्लोअर

सोपी तक्रार आधी घेतली. त्याला आणखी एक कारण होतं: अनेक गाड्यांत एसीची मागणी ब्लोअरच्या स्विचमधून पुढे जाते. ब्लोअर बंद असेल तर एसीचं बटण दाबूनही कॉम्प्रेसर सुरू होत नाही. ब्लोअर धड नसताना पुढचं मोजमाप करण्यात अर्थ नाही.

साध्या चार गतींच्या ब्लोअरमध्ये पहिल्या तीन गती रेझिस्टरमधून जातात आणि चौथी थेट. चौथी चालते म्हणजे फ्यूज, मोटर आणि तिचा अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची जोडणी) जिवंत आहेत. पहिल्या तीन एकदम गेल्या म्हणजे रेझिस्टरच्या पट्टीवरचा थर्मल फ्यूज (फार तापल्यावर तुटणारा) तुटला, कारण तिन्हींचा समाईक रस्ता तोच. फक्त पहिली गेली असती तर एकच वेटोळं तुटलं असं समजायचं. ग्लोव्ह बॉक्स उतरवून रेझिस्टर बाहेर काढला, मीटर लावला, थर्मल फ्यूज उघडा, म्हणजे त्यातून वीज जात नव्हती. इतकं पाच मिनिटांचं काम आहे.

पण तो तुटला का, हा खरा प्रश्न आहे. नवा रेझिस्टर बसवून गाडी दिली की काही महिन्यांत तोच दोष परत येतो. दुसऱ्या गतीचं उदाहरण घेऊ. वाटेत १.१ ओम आणि करंट ५.५ अँपिअर असेल तर त्या छोट्या वेटोळ्यात ३३ वॉट उष्णता तयार होते. ही उष्णता वाहून नेण्यासाठीच रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या वाटेत बसवलेला असतो. या गाडीचा केबिन फिल्टर धुळीने आणि पाल्याने गच्च भरला होता. चौथ्या गतीवर क्लॅम्प लावला तर करंट ११.८ अँपिअर. नवा फिल्टर घातल्यावर तो वाढून १३.६ झाला.

अनेक जण इथे चकतात. फिल्टर चोंदला की मोटरवर ताण येतो आणि करंट वाढतो, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं. ब्लोअरचं चाक जितकी कमी हवा ढकलेल तितकं त्याला काम कमी, म्हणून करंट घटतो. रेझिस्टर जळतो तो हवा न मिळाल्यामुळे. करंट खरोखर वाढलेला दिसला तर ते मोटरच्या बुशचं किंवा बेअरिंगचं लक्षण. अशा वेळी चाक हाताने फिरवून बघावं, जड जातं. इथे चाक मोकळं होतं, फक्त पाकळ्यांत पाला अडकला होता. तो काढला, फिल्टर बदलला आणि नवा रेझिस्टर बसवला. कनेक्टरच्या दोन पिना तापून निळसर झाल्या होत्या आणि त्यांचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, म्हणून कनेक्टरही वायरच्या तुकड्यासकट बदलला. सैल पिनेवर नवा रेझिस्टर बसवला तर तीच पिन पुन्हा तापते. थर्मल फ्यूजवर तार झाळून रेझिस्टर ‘चालू’ करण्याचा प्रकार कोणीही करू नये. तो फ्यूज आगीपासून वाचवण्यासाठी असतो.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत हा रेझिस्टर नसतो. तिथे पॉवर ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं आणि पॅनेल त्याला सिग्नल देऊन गती ठरवतं. ते आतून शॉर्ट झालं की ब्लोअर कायम जोरात फिरतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा. उघडं पडलं तर अजिबात फिरत नाही. मॉड्यूल बदलण्याआधी पॅनेलकडून येणारा सिग्नल गतीबरोबर बदलतो का, ते पाहून घ्यावं.

रिलेपर्यंत हुकूम पोहोचतो का

आता मुख्य तक्रार. कॉम्प्रेसरची पुली इंजिनच्या पट्ट्यावर फिरतच असते. क्लचच्या कॉइलला वीज मिळाली की ती चुंबक बनून क्लच प्लेट पुलीकडे ओढते, आणि तेव्हाच कॉम्प्रेसर फिरतो. एसीचं बटण दाबल्यापासून कॉम्प्रेसरची क्लच प्लेट पुलीला चिकटेपर्यंत बरेच जण होकार देतात तेव्हा काम होतं. ब्लोअर सुरू हवा, कूलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) कॉइल बर्फ धरत नसल्याचं सांगायला हवा, प्रेशर स्विचला दाब योग्य वाटायला हवा, इंजिनचं तापमान मर्यादेत हवं, आणि शेवटी इंजिन ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलचा अर्थ जोडायला हवा. मग रिले क्लचला बारा व्होल्ट देतो. ही साखळी पुढून तपासत गेलं तर अर्धा दिवस जातो. आम्ही मधोमध तोडतो: दोष हजर असताना रिले ओढला जातो की नाही?

‘दोष हजर असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. थंड गाडीवर सगळं बरोबरच दिसणार. म्हणून बॉनेट बंद ठेवून एसी लावून गाडी उभ्या जागी चालवत ठेवली. हवा कोमट झाली तेव्हा स्कॅनरवर एसीची मागणी ‘चालू’, रिलेला आज्ञा ‘चालू’, दाब मर्यादेत आणि बिघाडाचा कोड एकही नाही. रिलेवर बोट ठेवलं, नॉब बंद-चालू केला, प्रत्येक वेळी टक् असा धक्का जाणवला. खाली पुली फिरत होती, पण तिच्यासमोरची क्लच प्लेट स्थिर.

या एका निरीक्षणाने बटण, थर्मिस्टर, प्रेशर स्विच, ईसीयू आणि तिथवरचं सगळं वायरिंग एका फटक्यात संशयातून सुटलं. दोष रिलेच्या कॉन्टॅक्टपासून क्लचच्या अर्थपर्यंतच्या तुकड्यात. कोड का आला नाही याचं उत्तरही यातच आहे. पी ०६४५ हा कोड रिलेच्या नियंत्रण बाजूचा. ईसीयू रिलेच्या कॉइलवर लक्ष ठेवतो, कॉन्टॅक्टच्या पलीकडे करंट खरंच गेला का हे बहुतेक गाड्यांत तो पाहतच नाही. स्कॅनरने ‘सगळं ठीक’ म्हटलं म्हणून विजेचा दोष नाही असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

रिले ओढला गेलाच नसता तर वाट वेगळी होती, आणि तीही इथे सांगायला हवी, कारण प्रत्यक्षात ती बरेचदा लागते. सगळ्यात जास्त फसवणारा भाग म्हणजे थर्मिस्टर. त्याची तार तुटली की कंट्रोल युनिटला वाटतं कॉइल उणे तीस-चाळीस अंशांवर गोठली आहे, आणि बर्फाच्या भीतीने ते कॉम्प्रेसर कधीच लावत नाही. स्कॅनरवर कडक उन्हात ‘उणे ४०’ दिसलं की तार किंवा कनेक्टर उघडा आहे हे नक्की. थर्मिस्टरचे ओम प्रत्येक कंपनीचे वेगळे, पण एक ताळा जवळपास सगळीकडे बसतो: २५ अंशांना जेवढे ओम असतील त्याच्या सुमारे तिप्पट ते बर्फाच्या पाण्यात व्हायला हवेत, आणि काटा वाटेत न अडखळता चढायला हवा. सेन्सर काढून त्याच्या जागी बदलता येणारा रेझिस्टर जोडला आणि तो फिरवताना स्कॅनरवरचं तापमान बदललं, तर वायर आणि युनिट चांगले, सेन्सर खराब. समोरच्या बंपरमागे असलेल्या बाहेरच्या हवेच्या सेन्सरलाही हाच न्याय. किरकोळ धडकेनंतर त्याचा कनेक्टर लोंबकळत राहतो आणि एसी बंद पडतो.

प्रेशर स्विच दोन तारांचा असेल तर तो साधारण २ बारच्या खाली आणि ३० बारच्या आसपास किंवा वर उघडतो. दाब गेजवर योग्य दिसत असूनही तो उघडा असेल तर क्षणभर जंपर लावून खात्री करता येते. क्षणभरच, कारण गॅस नसताना कॉम्प्रेसर चालला की तेल परत फिरत नाही आणि तो आतून जखडतो. तीन तारांचा असेल तर तो स्विच नाही, सेन्सर आहे: एक तार ५ व्होल्ट, एक अर्थ आणि तिसरीवर दाबाप्रमाणे साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट. त्याला जंपर कधीही लावायचा नाही. पी ०५३२ आला तर हा सिग्नल फार खाली आहे, पी ०५३३ आला तर फार वर. कनेक्टर काढून ५ व्होल्ट आणि अर्थ आहेत का ते पाहिलं की सेन्सर आणि वायरिंग वेगळे करता येतात.

ऑटोमॅटिक एसीत आणखी एक जमात आहे, डॅशबोर्डमागची हवेच्या वाटेतली दारं हलवणारे छोटे मोटर. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा येत असेल तर बहुतेकांचं लक्ष आधी गॅसकडे जातं. गॅस खूप कमी असेल तर काही गाड्यांत असं होतंही. पण दाब ठीक असेल तर तापमानाच्या दाराचा मोटर तपासावा. पाच तारांच्या मोटरमध्ये दोन तारा मोटरच्या आणि तीन आतल्या पोटेन्शिओमीटरच्या (दाराची जागा सांगणाऱ्या बदलत्या रेझिस्टरच्या) असतात. दार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना फीडबॅकचा व्होल्टेज सरळ चढायला हवा. मधेच शून्यावर पडून परत आला तर त्या जागी कार्बनची पट्टी झिजली आहे, आणि युनिट तिथे गोंधळून दार मागेपुढे करत राहतं. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर प्लास्टिकचा दाता तुटलेला असतो. बॅटरी काढल्यानंतर दारांची टोकं युनिटला पुन्हा शिकवावी लागतात. ते न केल्यामुळे चांगले मोटर बदलले जातात. आणि ऊन मोजणाऱ्या सेन्सरचा कोड बंद शेडमध्ये दिसला तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. गाडी उन्हात काढून पुन्हा बघावं.

व्होल्टेज सुधारतो आणि करंट घटतो

आपल्या हॅचबॅककडे परत येऊ. क्लचच्या कनेक्टरवर मीटर लावला. कनेक्टर काढून नव्हे, जोडलेला ठेवून, मागून पिन घालून. हा फरक फार मोठा आहे. मल्टीमीटरची आतली रोधकता १० मेगाओम असते, म्हणजे तो करंट जवळजवळ घेतच नाही. वायरची एकच तार शाबूत असली तरी उघड्या कनेक्टरवर तो पूर्ण १३.९ व्होल्ट दाखवतो आणि ‘सप्लाय येतोय, क्लच खराब’ असा निकाल लागतो. क्लच जोडलेला असेल, निदान २१ वॉटचा बल्ब लावलेला असेल, तेव्हाच खरा व्होल्टेज दिसतो. हा बल्ब फक्त अशा जाड कामाच्या वायरवर वापरायचा, सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या तारांवर नाही.

गाडी निवल्यावर इंजिन सुरू केलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, क्लचच्या दोन पिनांमध्ये ११.९, करंट ३.३ अँपिअर. म्हणजे दोन व्होल्ट वाटेत गळत होते. चांगल्या सर्किटमध्ये प्लसच्या बाजूला ०.२ आणि अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षा फार जास्त ड्रॉप (वाटेतली व्होल्टेजची घट) नसावा. दोष इथे आहे हे थंड असतानाच कळलं होतं, पण क्लच थंड असताना पकडत होता.

मग गाडी तापवून तेच माप घेतलं. क्लचवर १२.३ व्होल्ट, थंड असतानापेक्षा जास्त! फक्त व्होल्टेज बघणारा इथे हमखास भरकटतो. करंट मात्र २.६ अँपिअरवर आला होता.

कारण तांब्याच्या स्वभावात आहे. तांब्याची रोधकता दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढते. या क्लचची कॉइल २५ अंशांना ३.६ ओम होती (मीटरच्या वायरींचे ०.२ ओम वजा करून, एवढ्या लहान मापात ते विसरून चालत नाही). पुलीच्या पोटात, तापलेल्या इंजिनला खेटून बसलेली ही कॉइल ११० अंशांवर पोहोचली की तिची रोधकता ४.८ ओमच्या आसपास जाते. वाटेतल्या खराब जोडांची ०.६ ओम धरली तर एकूण ५.४, आणि १३.९ भागिले ५.४ म्हणजे २.६ अँपिअर. करंट घटला म्हणून खराब जोडांवरचा ड्रॉपही घटला आणि कॉइलवरचा व्होल्टेज वर गेला. पण चुंबकाची ओढ करंटवर ठरते, आणि ती साधारण करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून तापल्यावर बिघडणाऱ्या क्लचवर क्लॅम्प मीटर लावल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

तरीही २.६ अँपिअरवर नव्यासारखा क्लच बहुधा पकडतो. इथे पकडत नव्हता, म्हणजे दुसरं काहीतरी साथीला होतं. प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजने परिघावर तीन ठिकाणी मोजली: ०.८ मिलिमीटर. अशा क्लचला साधारण ०.३ ते ०.६ लागते, नेमका आकडा त्या कॉम्प्रेसरच्या पुस्तकातून घ्यायचा. फट वाढली की ओढ ढोबळमानाने फटीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. ०.४५ ऐवजी ०.८ म्हणजे ओढ एक तृतीयांशाच्याही खाली.

आता सगळी लक्षणं जुळली. थंड असताना करंट भरपूर, म्हणून प्लेट एवढी फट पार करून चिकटते. एकदा चिकटली की फट शून्य, मग कमी करंटही तिला धरून ठेवतो. कॉइल तापत असतानाही कॉम्प्रेसर चालू राहतो. कूलिंग कॉइल पुरेशी गार झाल्यावर थर्मिस्टर कॉम्प्रेसर तोडतो, प्लेट मागे येते. पुन्हा हुकूम मिळतो तेव्हा कॉइल तापलेली, करंट कमी, फट जास्त, आणि प्लेट जागची हलत नाही.

याची खात्री करण्याचा सुरक्षित मार्ग आहे. काही जण चालू इंजिनवर लांब काठीने प्लेटला टोला देतात. पट्टा आणि पंख्याशेजारी ते करू नये. गरम इंजिन बंद केलं, रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ (रिलेच्या कॉन्टॅक्टची दोन टोकं) या जागा फ्यूजच्या जंपरने जोडल्या. प्लेट हलली नाही. लाकडी पट्टीने ती हलकेच आत ढकलली तर खट्कन चिकटली आणि चिकटूनच राहिली. फट हा दोष सिद्ध. जंपर लगेच काढून घेतला.

०.६ ओम कुठे होते

ड्रॉप शोधताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवायची आणि दुसरी पुढे पुढे न्यायची. क्लच चालू असताना, थंड गाडीवर. एसीच्या फ्यूजच्या डोक्यावरच्या उघड्या धातूवर ०.०५ व्होल्ट. क्लचच्या प्लस पिनेवर १.३. मधे फक्त रिले आणि वायर. त्याच प्रकारचा दुसरा चांगला रिले लावला तर ड्रॉप ०.२ च्या आत आला. म्हणजे एक व्होल्टपेक्षा जास्त रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये जात होता. रिलेचं झाकण उघडल्यावर कॉन्टॅक्टवर काळे खड्डे दिसले. टक् आवाज येणारा रिले चांगलाच असतो, हा समज इथे खोटा ठरतो.

अर्थच्या बाजूला कॉम्प्रेसरचं अंग आणि बॅटरीचा मायनस यांत ०.६ ते ०.७ व्होल्ट. या क्लचची मायनस तार कॉम्प्रेसरच्या अंगालाच जोडलेली असते आणि पुढचा रस्ता ब्रॅकेट, इंजिन आणि इंजिन-बॉडीमधली अर्थपट्टी असा जातो. पट्टीच्या बोल्टखाली हिरवट गंज होता. तो काढून, धातू चमकेपर्यंत घासून, पट्टी घट्ट केली. ड्रॉप ०.०५.

रिलेचे कॉन्टॅक्ट का जळले, हेही बघितलं. क्लचची कॉइल बंद होते तेव्हा तिच्यातली चुंबकीय ऊर्जा शंभरावर व्होल्टचा झटका बनून उलट येते आणि कॉन्टॅक्टवर ठिणगी पाडते. ती जिरवण्यासाठी कॉइलला समांतर एक डायोड असतो, बहुधा क्लचच्या वायरीत टेप गुंडाळून लपलेला. कॉइल जोडलेली ठेवून डायोड तपासता येत नाही, मीटरला कॉइलच दिसते. डायोड मोकळा करून पाहिला, दोन्ही दिशांना उघडा. चांगला डायोड एका दिशेला ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या दिशेला काहीच नाही. नवा बसवताना पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा बसवला तर क्लच लावताक्षणी फ्यूज जातो.

आणि फट का वाढली? करंट कमी, म्हणून प्लेट घसरत पकडायची. घसरली की झिजायची. झिजली की फट वाढायची. त्यात आणखी भर पडली गॅसची. मशीनवर गॅस काढून मोजला तर ६१० ग्रॅम निघाला; बॉनेटखालच्या लेबलवर ४५० ग्रॅम. जास्तीच्या गॅसने दाब चढतो, कॉम्प्रेसर फिरवायला जड होतो आणि अशक्त क्लच आणखी घसरतो. उपाय म्हणून भरलेला गॅस दोष वाढवत होता.

प्लेट धरून मधला बोल्ट काढला, प्लेट ओढून घेतली, शाफ्टवरच्या शिमपैकी (फट ठरवणाऱ्या पातळ चकत्यांपैकी) ०.३ मिलिमीटरची एक काढली. घासलेली बाजू कोरड्या कापडाने पुसली, तेलाचा थेंबही राहता कामा नये. पुलीचं बेअरिंग हाताने फिरवून, हलवून पाहिलं, आवाज किंवा खेळ नव्हता. बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कला आवळला. फट तिन्ही ठिकाणी ०.५ आली. यापेक्षा हौसेने कमी करायला जाऊ नये. क्लच बंद असताना प्लेट पुलीला घासली तर उष्णतेने कॉइल आणि बेअरिंग दोन्ही जातात. नवा रिले, नवा डायोड, साफ केलेली अर्थपट्टी आणि लेबलप्रमाणे ४५० ग्रॅम गॅस. क्लच किंवा कॉम्प्रेसर बदलावा लागला नाही.

दुरुस्तीनंतरचं माप पुन्हा दोन्ही अवस्थांत घेतलं. थंड असताना क्लचवर १३.६ व्होल्ट आणि ३.८ अँपिअर. मग बॉनेट बंद, ब्लोअर दोनवर, हवा आतल्या आत फिरती ठेवून गाडी तापवली. असं केल्याने कूलिंग कॉइल लवकर गार होते आणि कॉम्प्रेसर वारंवार सुटतो-लागतो, म्हणजे दोषाला पुन्हा दिसायची पूर्ण संधी मिळते. गरम असताना २.८५ अँपिअर, आणि प्रत्येक हुकुमाला प्लेट एका झटक्यात, न घसरता चिकटली. हे आकडे त्या वेळच्या बाहेरच्या तापमानासकट गाडीच्या नोंदीत लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या वेळी तपासणाऱ्याला तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.